माडीची जमीन घासायच्या आधी

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची पद्धत शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग लाकडी जमिनीबद्दल आहे. निम्मे जण लगेच म्हणतील, आमच्याकडे टाइल्स आहेत, आमचा काय संबंध? बरोबर आहे. मी राहते त्या बोळिंजमध्येही म्हाडाचे उंच टॉवर्स आणि आजूबाजूचे नवे कॉम्प्लेक्स, सगळीकडे टाइल्सच. पण त्याच टॉवर्सच्या सावलीतल्या वाड्यांमध्ये, पुढे आगाशी, नाळा, निर्मळ, पार वसईपर्यंत, अजून जुनी कौलारू घरं उभी आहेत. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर, आणि वर माडी. माडीची जमीन म्हणजे कडीपाट. सागाच्या कड्या आणि त्यांच्यावर ठोकलेल्या सागाच्या फळ्या. वरून ती जमीन, खालून तेच छत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

असं घर फक्त वसईतच असतं असं नाही. कोकणात, पुण्या-नाशिकच्या वाड्यांत, तुमच्या आजोळी, कुठेही असेल. आणि सुट्टीत तिथे गेल्यावर कोणीतरी म्हणतंच, “ही जमीन घासून पॉलिश केली तर काय मस्त दिसेल!” मग आपण यूट्यूब उघडतो. तिथे एक अमेरिकन माणूस भाड्याने आणलेलं रोड रोलरसारखं मशीन फिरवतो आणि दहा मिनिटांत जमीन आरशासारखी. आपल्याकडे ते मशीन मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर मिळत नाही तेच बरं. का, ते सांगते.

आमच्या घरातला प्रश्न

आमची माडी अकरा बाय सोळा, म्हणजे १७६ चौरस फूट. फळ्या साधारण एक इंच जाड. वर्षानुवर्षं भाताची पोती ओढली, ट्रंका सरकवल्या, सुकेळीचे डबे ठेवले. पॉलिश कधीच गेलेलं, लाकूड राखाडी पडलेलं, दाराजवळ तर पायाला कुसळं लागायची. आजी अनवाणीच फिरते. त्यात ताई मे महिन्यात दहा महिन्यांचं बाळ घेऊन राहायला येणार होती, म्हणजे ते रांगणार. काहीतरी करणं भाग होतं.

घरात मतं तीन. बाबा म्हणाले, वर टाइल्स बसवून टाकू. काका म्हणाले, पाच-सात वर्षांत घर रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, आता पैसे कशाला घालायचे? आणि आमच्या ओळखीचे सुतारकाका म्हणाले, “रंधा मारून तीन-चार मिलिमीटर काढतो, एकदम सपाट करून देतो.”

मी बीटेक आहे, पण सॉफ्टवेअरवाली. लाकडाला आयुष्यात हात लावला नव्हता. म्हणून आधी वही घेऊन हिशेब केला. तो तुम्हीही करू शकता.

पहिला हिशेब टाइल्सचा. टाइल बसवायची तर खाली सिमेंट-वाळूचा थर लागतो, चार सेंटिमीटर धरा. एका चौरस मीटरला तो साधारण ८० किलो होतो. वर टाइलचे २० किलो. म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. आमची खोली सोळा चौरस मीटरच्या वर, म्हणजे जुन्या कड्यांवर सोळाशे किलोंचं कायमचं ओझं. दीड टनाची गाडी माडीवर नेऊन पार्क करण्यासारखं. बाबांना एवढं एकच वाक्य पुरलं.

दुसरा हिशेब रंध्याचा. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो, म्हणजे जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी. २५ मिलिमीटरची फळी २४ झाली, तर जाडी चारच टक्के कमी होते, पण ताठपणा साडेअकरा टक्क्यांनी कमी होतो. तीच फळी २२ झाली, तर ताठपणा जवळजवळ एक तृतीयांश गेला. टाइल्सखाली स्लॅब असतो, इथे फळीच स्लॅब आहे. तिच्यावरून आपण चालतो आणि तिच्याखाली आपण झोपतो.

म्हणून आजच्या भागाचा सगळा मुद्दा एका ओळीत असा: घासणं म्हणजे लाकूड कमी करणं, आणि त्याला अंडू नाही. कोड बिघडला तर जुनं व्हर्जन परत आणता येतं. गेलेला मिलिमीटर परत येत नाही. त्यामुळे ‘जमीन किती चकाचक करू’ हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न ‘किती कमीत कमी काढून काम भागेल?’

आमचं काम काय होतं? कुसळं जायला हवीत, पाय घसरायला नको, पाणी सांडलं तर मुरायला नको. सपाट असणं यादीतच नव्हतं. दाराजवळ पायांनी झिजून जी खळगी पडली आहे ती तशीच राहिली तर काय बिघडलं? सुतारकाकांना हे सांगितल्यावर ते हसले, “मग माझी गरज नाही गं, तूच कर. फक्त घाई करू नकोस.”

आधी तपासणी

मशीनला हात लावायच्या आधी एक अख्खा दिवस तपासणीला द्या.

एक, लाकूड खरंच लाकूड आहे का? फ्लॅटमध्ये ‘वूडन फ्लोअरिंग’ म्हणून जे असतं ते बऱ्याचदा लॅमिनेट असतं, म्हणजे दाबलेल्या भुश्याच्या बोर्डावर लाकडाचा छापील फोटो. ते घासलं की फोटो जातो आणि भुसा उरतो. ते कधीच घासायचं नाही.

दोन, जाडी. जिन्याच्या तोंडाशी फळीची कड उघडी असते, तिथे मोजा. आणखी दोन-तीन ठिकाणी फटीतून पट्टी घालून बघा.

तीन, खालून बघा. खालच्या खोलीत टॉर्च घेऊन वर बघत फिरा. वाळवीच्या मातीच्या रेघा आहेत का? पिठासारखा भुसा पडतो का? भिंतीत घुसलेली कड्यांची टोकं ओल धरतात, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर पॉलिशचा विषय बंद, आधी सुतार.

चार, खिळे. जुने खिळे वर आलेले असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर एक जाड बोथट खिळा धरून हातोडीने दोन-तीन मिलिमीटर आत बसवायचा. नाहीतर पेपर फाटतो, आणि भुश्यात ठिणगी उडते ते वेगळंच. आमच्याकडे दोनशेच्या वर खिळे निघाले. कंटाळवाणं काम आहे, पॉडकास्ट लावून करा.

पाच, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. जुना रंग. बऱ्याच घरांत जमिनीला किंवा भिंतीलगतच्या पट्ट्याला जुना ऑइल पेंट असतो. आमच्याकडेही लाल पट्टा होता. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणणारे नियम २०१६ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याच्या आधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की त्याचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण माहीत नाही. असा रंग कोरडा घासला तर त्याची बारीक धूळ घरभर बसते, आणि रांगणारं बाळ तीच बोटं तोंडात घालतं. ज्याच्यासाठी जमीन गुळगुळीत करायची, त्यालाच विष द्यायचं.

त्यामुळे लॅबमध्ये तपासून घ्या, नाहीतर शिसं आहेच असं धरून चाला. आम्ही धरून चाललो. त्या पट्ट्याला मशीन लावलंच नाही. पेंट रिमूव्हर लावायचा, रंग फुगला की ओला असतानाच लांबीच्या पत्रीने खरवडायचा, खरवड पिशवीत बंद करायची, ओल्या फडक्याने पुसायचं. हातात ग्लोव्हज, खिडक्या उघड्या. एका पट्ट्याला दोन दिवस गेले. चालेल.

धूळ कुठे जाते?

वरची जमीन म्हणजे खालचं छत, आठवलं? फळ्यांमध्ये फटी असतात. वर घासलं की भुसा खालच्या पंख्यावर, गाद्यांवर, देव्हाऱ्यावर. आम्ही खालच्या छताला प्लॅस्टिक ताणून चिकटवलं आणि सामान झाकलं.

लाकडाची धूळ साधी समजू नका. कर्करोगावर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयएआरसी लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात धरते, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षं त्या धुळीत काम करणाऱ्यांना. म्हणजे आपल्या सुतारांना, जे बहुतेक वेळा नाकाला रुमालही बांधत नाहीत. आपण एन-९५ मास्क घालायचा, आणि मदतीला येणाऱ्यालाही द्यायचा.

आता घासू या

दुकानात जाऊन ‘सँडपेपर’ म्हणालात तरी चालेल, पण ‘पॉलिश पेपर’ म्हणालात तर पटकन मिळेल. त्याच्या मागे नंबर असतो. नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक. आम्ही ६०, ८० आणि १२० असे तीन वापरले. खूप जाड जुनं पॉलिश असेल तर ४० पासून सुरू करतात, आम्हाला गरज नव्हती.

तत्त्व सोपं आहे. ६० नंबर कुसळं आणि राखाडी थर काढतो, पण स्वतःचे ओरखडे ठेवून जातो. ८० चं काम ६० चे ओरखडे काढणं, १२० चं काम ८० चे. मधला नंबर गाळला तर आधीचे खोल ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिशचा हात बसला की एकदम उठून दिसतात. आणि १२० च्या पुढे जायचं नाही. फर्निचरला २२० ठीक आहे, पण जमीन फार गुळगुळीत झाली तर घसरडी होते, आणि पॉलिशलाही धरायला जागा राहत नाही.

मशीन कोणतं? लोक ग्राइंडरला घासायची चकती लावतात. त्याने काम झटपट होतं, पण नवख्या हातात त्याचे कोयरीच्या आकाराचे खड्डे पडतात. आम्ही पाच इंची ऑर्बिटल सँडर घेतला. तो गोल फिरता फिरता थरथरतो, त्यामुळे एका जागी खड्डा पाडत नाही. हळू आहे. नवख्यासाठी हळू असणं हाच त्याचा गुण, कारण आपल्याला कमी काढायचं आहे.

पद्धत अशी. मशीन दाबायचं नाही, त्याच्या वजनानेच चालू द्यायचं. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, सेकंदाला साधारण एक इंच. एवढं हळू, की मूर्खासारखं वाटतं. सुरू करण्याआधी फळीवर पेन्सिलीने नागमोडी रेघा मारा. सगळ्या रेघा गेल्या की त्या नंबरचं काम झालं, पुढचा पेपर लावा. आमच्या भाषेत ही टेस्ट केस. पास झाली की थांबायचं, उगाच आणखी घासायचं नाही. नंबर बदलताना जमीन झाडून घ्या, नाहीतर ६० चा सुटा दाणा ८० च्या खाली येऊन रेघ ओढतो.

कोपऱ्यात गोल मशीन पोहोचत नाही. तिथे सुतारकाकांनी जुनी युक्ती दाखवली: काचेच्या तुकड्याची सरळ धार लाकडावर ओढायची. भुसा न होता कागदासारखी पातळ साल निघते. हातात जाड ग्लोव्हज मात्र हवेतच.

चार शनिवार-रविवार गेले. शेवटी जिन्याच्या तोंडाशी परत मोजलं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास गेलं होतं. खळगी तशीच आहे, फक्त आता मऊ लागते. राखाडी थराखाली मधासारखा सोनेरी साग निघाला, आणि खोलीभर त्याचा वास. आजी वर आली, खाली बसून हात फिरवला आणि म्हणाली, “एवढंच पुरे.”

फटी भरायच्या का?

नाही. खिळ्यांची भोकं भरा, बारीक भुसा आणि फेविकॉल कालवून. फळ्यांमधल्या फटी मात्र लांबीने ठासून भरू नका. आपल्याकडे जुलैत हवा ओली असते, फळी रुंदीत फुगते. डिसेंबरात आकसते. फट ही तिला फुगायला ठेवलेली जागा आहे. कडक लांबी भरली तर पावसाळ्यात ती फळी ढकलते किंवा स्वतः तुटून बाहेर येते. याच कारणाने हे काम डिसेंबर ते मार्चमध्येच करा.

पॉलिश कोणतं?

चपड्याचं फ्रेंच पॉलिश सगळ्यांत देखणं. लाखेच्या किड्यापासून मिळणारा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून ते करतात. पण पाणी सांडलं किंवा गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग पडतो. कपाटाला छान, जमिनीला नको. अळशीचं तेल लाकडात मुरतं, आणि एखादी जागा झिजली तर तेवढ्याच जागी परत लावता येतं, हा मोठा फायदा. पण आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी येऊ शकते. पीयू पॉलिश वर कडक थर धरतं, पाण्याला आणि पायांना टिकतं. बाळ आणि पावसाळा, दोन्ही बघून आम्ही मॅट पीयू घेतलं. ग्लॉसी नको, घसरतं आणि प्रत्येक ओरखडा दाखवतं.

सागाची एक गंमत आहे. त्याच्यात स्वतःचं तेल असतं, म्हणून तो पाण्यात आणि वाळवीपुढे टिकतो. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये मलबारी सागातून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय, दोनशेहून जास्त वर्षं झाली. पण त्याच तेलामुळे पॉलिश नीट धरत नाही. म्हणून पहिल्या हाताआधी थिनरच्या फडक्याने जमीन पुसायची आणि ती वाळली की त्याच दिवशी पॉलिशचा हात मारायचा. आधी ट्रंकेखाली लपेल अशा कोपऱ्यात थोडं लावून बघा.

आम्ही तीन पातळ हात दिले. प्रत्येक दोन हातांमध्ये २२० ने अगदी हलकं घासून पुसलं. दाराच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करा, नाहीतर खोलीतच अडकाल.

आता दोन धोके नीट ऐका. थिनर आणि पॉलिशची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फटींतून खाली उतरते. खाली स्वयंपाकघर असेल तर गॅस बंद, देवापुढचा दिवा आणि उदबत्तीसुद्धा बंद. आम्ही तेव्हा जेवण बाहेरून आणलं आणि झोपायला काकांकडे गेलो. दुसरं, अळशीचं तेल वापरलंत तर त्याची फडकी बोळा करून टाकू नका. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. बोळ्यात ती उष्णता अडकते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

आणि काकांचा प्रश्न?

घर जाणारच असेल तर हे कशाला? माझं उत्तर परत हिशेबाचंच. १७६ चौरस फूट, एक इंच जाडी, म्हणजे साडेचौदा घनफुटांहून जास्त जुना साग. उद्या घर पाडलं तरी या फळ्या दारं होऊ शकतात, टेबल होऊ शकतात, नव्या फ्लॅटमध्ये पलंग होऊ शकतात. पण जाडी राहिली असेल तरच. वर सिमेंट ओतलं असतं किंवा रंध्याने पातळ केल्या असत्या, तर ते दार बंद झालं असतं. काका पूर्ण पटले असं नाही. पण शेवटचा हात मारायला ब्रश घेऊन तेच आले.

एक शेवटचं काम सांगते, त्याला पाच मिनिटं लागतात. माडीच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. काम कधी केलं, कोणते पेपर वापरले, कोणतं पॉलिश, किती हात, लाल पट्ट्याला कोरडं का घासायचं नाही, आणि आता फळीची जाडी किती उरली आहे. पीयू झिजून लाकूड उघडं पडायच्या आधीच वरून हलकं घासून एक हात दिला, तर परत लाकडापर्यंत जायची वेळ येत नाही. हे पुढच्या माणसाला कळायला हवं. आमचा कागद लागलाय.

तुमच्या आजोळी अशी माडी असेल, तर या सुट्टीत आधी फक्त टॉर्च आणि पट्टी घेऊन जा. जाडी मोजा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!